उसातला बिबट्या खातो काय? विष्ठेवरून आहार शोधताना

प्रश्न थोडक्यात असा: प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातल्या उसात राहणारे बिबटे काय खातात, हे त्यांच्या विष्ठेवरून शोधायचं आहे. हाताशी दोन विद्यार्थी, एक साधा सूक्ष्मदर्शक आणि आठ महिने आहेत. गावात विचारलं तर सगळे सांगतात की बिबट्या शेळ्याच खातो. सुरुवात कुठून करायची, किती नमुने पुरतात आणि चुकतं कुठे?

आधी शेळीचं बघू, कारण तुमचा प्रकल्प तिथेच वाकडा जाऊ शकतो. शेळी, मेंढी, वासरू मारलं गेलं की वनखात्याला कळवलं जातं, पंचनामा होतो, भरपाई मिळते. म्हणजे कागदावर नोंद राहते. वाडीवरचं कुत्रं रात्रीत नाहीसं झालं तर पंचनामा कोण करणार? मांजराचं तर नावच नको. त्यामुळे नोंदवह्या चाळल्या तर बिबट्या फक्त शेळ्या-मेंढ्यांवर जगतो असंच दिसणार. अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेला विष्ठेचा अभ्यास २०१६ साली 'ऑरिक्स' या नियतकालिकात छापून आला. त्यात बिबट्यांच्या आहारातला वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा माणसाळलेल्या प्राण्यांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा ११ टक्क्यांवर थांबला. म्हणून गावाचं म्हणणं लिहून घ्या, पण ते तपासायचं गृहीतक म्हणून.

परवानगीशिवाय एकही नमुना उचलू नका. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. विष्ठा उचलायला प्राण्याला हात लावावा लागत नाही म्हणून परवानगी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. अर्ज स्थानिक उपवनसंरक्षकांमार्फत नागपूरच्या प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) कार्यालयाकडे जातो. वेळ लागतो, म्हणून आठ महिन्यांचं घड्याळ परवानगी हातात आल्यावर सुरू करा. त्याच अर्जात दोन गोष्टी आठवणीने मागा. एक, डीएनए तपासणीसाठी नमुने प्रयोगशाळेत पाठवण्याची मुभा. दोन, जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातून बिबट्याचे गळलेले केस आणि ताजी विष्ठा मिळण्याची सोय. दुसरी मागणी कशासाठी, ते पुढे येतं.

आता रानातलं काम. उसात शिरायचं नाही. बिबट्याचा धोका आहेच, पण शिरून मिळतंही काही नाही. बिबट्या वावरतो, खूण करतो आणि शौच करतो ते बहुतेक मोकळ्या वाटांवर: पाणंदी, गाडीवाटा, कालव्याच्या चारीकडेचा रस्ता, ओढ्याची वाळू, दोन शेतांमधला रुंद बांध. अशा वाटांचे प्रत्येकी दोन-तीन किलोमीटरचे आठ-दहा मार्ग ठरवा. पहिल्या फेरीत सापडेल ते सगळं उचलून मार्ग स्वच्छ करा. ही विष्ठा किती जुनी ते कळणार नाही, म्हणून ती ऋतुवार हिशेबात धरू नका. धुण्याचा आणि केस ओळखण्याचा सराव तिच्यावरच करा. मग दर पंधरा दिवसांनी त्याच मार्गांवर जा. फेरी सकाळी आठनंतर, किमान दोघांनी, बोलत बोलत. ऊसतोड चालू असलेल्या फडात बछडी सापडली असतील तर तो मार्ग आठवडाभर सोडून द्या, कारण मादी रात्री त्यांच्यासाठी परत येते.

पावसाळ्यात फार आशा ठेवू नका. पहिल्या जोरदार सरीत विष्ठा विरघळते, आणि जी उरते ती शेणकिडे दोन दिवसांत फोडून नेतात. त्यामुळे बहुतेक अभ्यासांप्रमाणे तुमचेही नमुने हिवाळा-उन्हाळ्याचे असतील. तसं अहवालात लिहून टाका. 'वार्षिक आहार' असा मथळा देऊ नका.

सापडलेली विष्ठा बिबट्याचीच कशावरून? या प्रश्नावर या प्रकारचे निम्मे विद्यार्थी-प्रकल्प आपटतात. बिबट्याची विष्ठा साधारण दोन ते तीन सेंटिमीटर जाडीची, गाठीगाठींनी तुटलेली, एका टोकाला निमुळती, केसांनी घट्ट वळलेली असते. जवळ मागच्या पायांनी माती ओरबाडल्याची खूण असेल तर खात्री वाढते. पण मोठ्या कुत्र्याची विष्ठा याच जाडीत येते. तिच्यात सहसा भाकरीचा भुसकट लगदा, दाणे, चिंध्या, प्लास्टिक असतं; मात्र मेलेल्या वासरावर ताव मारलेल्या कुत्र्याची विष्ठा केसांनीच भरलेली निघते. तरसाची विष्ठा गोळ्यागोळ्यांची असते आणि हाडांतल्या चुन्यामुळे वाळून पांढरीफटक पडते. जुनी झालेली बिबट्याची विष्ठाही पांढुरकी होते, म्हणून नुसत्या रंगावर निकाल देऊ नका. अकोले तालुक्याच्या खोऱ्यात कॅमेरा ट्रॅपने (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांनी) केलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ बिबटे आणि जवळपास तितकीच तरसं निघाली होती. तरसं इतकी असतील तर त्यांच्या विष्ठेची भेसळ किती होईल याचा अंदाज करा. तरस मेलेली गुरं खातं. त्याच्या दहा विष्ठा तुमच्या साठ नमुन्यांत मिसळल्या की 'बिबट्या गुरं फार खातो' हा निष्कर्ष आपोआप तयार.

यावर खात्रीचा उपाय डीएनएचाच. विष्ठा जमिनीवर असतानाच तिच्या बाहेरच्या चकचकीत थरातून वाटाण्याएवढा तुकडा चिमट्याने घ्या, कारण विष्ठा टाकणाऱ्या प्राण्याच्या आतड्याच्या पेशी त्या थरात असतात. आतल्या भागात भक्ष्याचा डीएनए जास्त. तुकडा बुडून वर चौपट राहील इतक्या ९५ टक्क्यांहून तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवा. कुपीवर नाव पेन्सिलीने लिहा आणि त्याच मजकुराची एक चिठ्ठी, तीही पेन्सिलीचीच, आत टाका. बॉलपेन आणि मार्करची शाई अल्कोहोलने पुसली जाते आणि तीस निनावी कुप्या हातात उरतात. चिमटा दर नमुन्यानंतर पुसून ज्योतीवर धरा. तपासणी हैदराबादच्या सीसीएमबीची (पेशी आणि रेणू जीवशास्त्र केंद्राची) वन्यजीव प्रयोगशाळा किंवा डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था अशा ठिकाणी होते, पण ती विभागामार्फत आधी ठरवावी लागते. पैसे सगळ्या नमुन्यांना पुरत नसतील तर निदान संशयास्पद नमुने आणि खात्रीच्या नमुन्यांतले चिठ्ठ्या टाकून निवडलेले पंधरा-वीस पाठवा. रानातली ओळख किती वेळा चुकते याचा आकडा त्यातून मिळतो. डीएनएची अजिबात सोय नसेल, तर ज्या विष्ठेजवळ ठसा किंवा ओरखडा आहे तीच हिशेबात धरा आणि बाकीची वेगळी ठेवा. नमुने कमी होतील, होऊ देत.

नोंदीत तारीख, जागेचे अक्षांश-रेखांश, वाटेचा प्रकार, सर्वांत जाड ठिकाणचा व्यास, ताजेपणा आणि शेजारच्या खुणा इतकं लिहा. बाजूला पट्टी ठेवून फोटो काढा. एकाच ठिकाणी तीन-चार विष्ठा पडलेल्या दिसल्या तर ती बहुधा मादी आणि बछडी एकाच शिकारीवर जेवून गेलेली असतात. त्यांतली एकच मोजा. विष्ठा कागदी पिशवीत भरा. प्लास्टिकच्या पिशवीत दोन दिवसांत बुरशी धरते.

पुढचं वाक्य तुमच्या मार्गदर्शकांनाही वाचून दाखवा. मांसाहारी प्राण्यांच्या विष्ठेत फीतकृमी आणि गोलकृमींची अंडी असू शकतात, आणि त्यांतली काही माणसाच्या यकृतात, फुप्फुसांत पुटकुळ्या करतात. विष्ठा वाळली की ही अंडी धुळीबरोबर उडतात. हातमोजे, एन-९५ मास्क, वेगळा अंगरखा. वास घेऊन ओळखायची सवय असेल तर ती सोडा. डीएनएचा तुकडा काढून झाला की उरलेली विष्ठा पिशवीसकट ओव्हनमध्ये ७० ते ८० अंशांवर २४ तास ठेवा, मगच उघडा. घरातल्या किंवा प्रयोगशाळेतल्या साध्या फ्रीजरच्या उणे १८-२० अंशांत फीतकृमींची अंडी मरत नाहीत, त्यामुळे 'आठवडाभर फ्रीजमध्ये होती' हे पुरेसं नाही.

भाजलेल्या विष्ठेचं वजन करून घ्या, कोमट पाण्यात चमचाभर धुण्याची पावडर घालून रात्रभर भिजवा. सकाळी एक मिलिमीटरची चाळणी वर आणि अर्ध्या मिलिमीटरची खाली ठेवून नळाच्या बारीक धारेखाली बोटांनी हलके चोळत धुवा. मोठ्या चाळणीवर केस, हाडं, नखं, खुरांचे तुकडे राहतात. लहान चाळणीवर उंदराचे दात आणि पिसांचे तंतू. लहान चाळणी वाचवली की उंदीर-घुशी आहारातून गायबच होतात. उंदराचे पटाशीचे दात समोरून पिवळट-नारिंगी असतात, ते वेगळे काढा. खालच्या जबड्याचे उजवे किती आणि डावे किती हे मोजलं की किमान किती उंदीर होते ते कळतं. नखं नीट बघा: मांजराचं नख आकड्यासारखं वळलेलं आणि दोन्ही बाजूंनी चपटं, कुत्र्याचं जाड, टोकाला घासून बोथट झालेलं. एकेका नमुन्यात चांगलं अर्धं नख मिळालं की केसांच्या वीस काचपट्ट्या करण्याआधीच उत्तर समोर असतं.

पिसं मिळाली तर लगेच 'कोंबडी मारली' लिहू नका. त्या पट्ट्यात पोल्ट्र्या आहेत, मेलेल्या कोंबड्या ओढ्याकाठी टाकल्या जातात आणि बिबट्या त्या उचलतो. पिसावरून मारलं की उचललं हे सांगता येत नाही.

आता केस. धुऊन वाळवलेले केस चौकटी आखलेल्या पांढऱ्या ट्रेवर पसरा, चौकटी चिठ्ठ्यांनी निवडा आणि त्यांतून किमान २० राठ केस उचला. गीरमध्ये १९९०च्या दशकात सिंह आणि बिबट्यांच्या विष्ठेवर जे काम झालं, त्यातून हा वीसचा दंडक आपल्याकडे रूढ झाला. 'वेगळा दिसतोय' म्हणून नजरेत भरलेला केस उचलायला हरकत नाही, पण तो वीसात धरायचा नाही. त्याची नोंद वेगळी. खालची मऊ लोकर ओळखीला जवळपास निरुपयोगी असते.

केसाच्या तीन गोष्टी बघायच्या: बाहेरून रंगपट्टे, लांबी, जाडी; पृष्ठभागावरच्या खवल्यांची नक्षी; आणि मधोमध असलेला गाभा, म्हणजे मेड्युला. खवल्यांसाठी काचपट्टीवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या, अर्धवट वाळला की केस आडवा ठेवा, पूर्ण वाळल्यावर उपटून काढा. ठसा पट्टीवर राहतो. गाभ्यासाठी केसाचे सेंटिमीटरभराचे तुकडे करून अल्कोहोलने पुसा, रात्रभर झायलीन या द्रावकात ठेवा आणि डीपीएक्स (केस काचेवर पक्का बसवणारा पारदर्शक चिकट पदार्थ) टाकून आच्छादन काच ठेवा. तुकडे का करायचे? गाभ्याच्या पोकळ्यांत हवा असते, ती प्रकाश अडवते आणि गाभा नुसता काळा पट्टा दिसतो. कापलेल्या टोकांतून झायलीन आत शिरतं, हवा बाहेर जाते आणि रचना उघडी पडते. सुरुवातीला सगळेच अखंड केस बसवतात आणि 'सगळे सारखेच दिसतात' म्हणून हैराण होतात. काळ्याभोर केसांना आधी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये थोडा वेळ ठेवून रंग उतरवा. झायलीनचं काम खिडकी उघडी ठेवून, शक्यतो वायुवीजन कपाटात.

चारशेपट मोठं करून बघितलं की काही प्राणी लगेच ओळखू येतात. सशाच्या गाभ्यात मक्याच्या कणसासारखे दाण्यांच्या रांगाच रांगा असतात. हरणवर्गाचा केस ठिसूळ, लाटेसारखा, आणि गाभा जवळपास पूर्ण रुंदी व्यापणारा, मधमाशांच्या पोळ्यासारखा. डुकराचा राठ केस हाताला तारेसारखा लागतो, टोकाला फाटलेला, आत गाभा अरुंद, तुटक किंवा नाहीच. उंदराच्या केसात शिडीसारखे आडवे कप्पे.

खरा घोळ तुमच्याच पट्ट्यातल्या प्राण्यांचा. गावठी कुत्र्याचा केस आणि कोल्ह्याचा केस एकट्यादुकट्या नमुन्यावरून वेगळे करणं धोक्याचं. पाळीव मांजर आणि रानमांजर, गाय आणि म्हशीचं पारडू, शेळी आणि मेंढी यांचंही तसंच. पुस्तकात मेंढीच्या मऊ लोकरीला गाभा नसतो असं वाचाल. ते बारीक लोकरीच्या जातींचं. आपल्याकडे धनगरांच्या कळपात असते ती दख्खनी मेंढी. तिची लोकर घोंगडीची, जाडीभरडी, आणि तिच्यातल्या पुष्कळ केसांना गाभा असतो. पुस्तकी नियम लावला की मेंढीची शेळी होते.

म्हणून परक्या प्रदेशाच्या चित्रसंग्रहावर विसंबू नका. स्वतःचा संदर्भसंच करा. गावातल्या शेळ्या, दख्खनी मेंढ्या, गावठी आणि संकरित गाई, म्हशी, मांजरं आणि किमान दहा वेगवेगळ्या रंगांची कुत्री. प्रत्येकाच्या पाठीचे, कुशीचे, पोटाचे आणि शेपटीचे केस, मालकाला विचारून. एकाच जनावराच्या पाठीवरचा आणि पोटावरचा केस दोन वेगळ्या प्राण्यांचे वाटावेत इतका फरक असतो. रानडुक्कर, ससा, वानर, मुंगूस यांचे केस वनखात्याकडच्या किंवा संग्रहालयातल्या नमुन्यांतून मिळतात. आणि बिबट्याचे केस माणिकडोहहून. बिबट्या अंग चाटतो, त्याचे स्वतःचे केस जवळपास प्रत्येक विष्ठेत थोडेफार सापडतात. ते ओळखता आले नाहीत तर ते 'मांजरवर्गीय भक्ष्य' म्हणून नोंदले जातात आणि मांजरांचा आकडा फुगतो. निवारा केंद्रातल्या विष्ठेचा उपयोगही असाच: काय खायला घातलं ते माहीत असतं, त्यामुळे तुमची पद्धत बरोबर उत्तर देते का ते पडताळता येतं.

खरे नमुने बघण्याआधी परीक्षा घ्या. एकाने संदर्भसंचातले ५० केस नावाऐवजी आकडे लिहून द्यायचे, दुसऱ्याने ओळखायचे. पन्नासात पंचेचाळीस बरोबर येईपर्यंत पुढे जायचं नाही, हा माझा आग्रह. शेळी-मेंढीत सतत गल्लत होत असेल तर दोन्ही मिळून 'शेळी-मेंढी' असा एकच गट करा. यात कमीपणा काही नाही.

किती विष्ठा लागतील? एखादं भक्ष्य पाच टक्के विष्ठांत असेल, तर एका विष्ठेत ते न सापडण्याची शक्यता ०.९५. ५९ विष्ठांत ते एकदाही न सापडण्याची शक्यता ०.९५ चा ५९ वा घात, म्हणजे ०.०५ च्या किंचित खाली. म्हणून 'किमान ५९' हा आकडा सगळीकडे दिसतो. पण तो फक्त भक्ष्यांची यादी पुरी होण्यासाठी. दोन ऋतू किंवा दोन गावं यांची तुलना करायची तर प्रत्येक बाजूला ९०-१०० च्या आसपास हवेत. आठ महिन्यांत दोघांकडून खात्रीच्या साठ विष्ठा जमल्या तरी चांगलं काम झालं, असं मी म्हणेन. तुलनेचा हट्ट सोडा.

हिशेबाचं एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त पद्धत समजण्यासाठी आहेत. समजा ६० विष्ठा, प्रत्येकीत एकच भक्ष्य: कुत्रा २४, शेळी १०, उंदीर १०, मांजर ८, गुरं ४, रानडुक्कर ४. नुसत्या वारंवारतेने कुत्रा ४० टक्के, उंदीर आणि शेळी प्रत्येकी १६.७ टक्के. उंदीर आणि शेळी सारख्या महत्त्वाच्या? नाही. लहान प्राण्यात मांसाच्या मानाने केस-कातडं जास्त, त्यामुळे किलोमागे विष्ठा जास्त पडतात. ही विसंगती काढायला अमेरिकेतल्या युटामध्ये प्यूमावर (तिकडच्या मोठ्या मांजरवर्गीय प्राण्यावर) १९८४ साली प्रसिद्ध झालेलं एक समीकरण वर्षानुवर्षं वापरलं जातं: य = १.९८ + ०.०३५ × क्ष. क्ष म्हणजे भक्ष्याचं वजन किलोत, य म्हणजे एका विष्ठेमागे खाल्लेलं मांस किलोत. दोन किलोंखालच्या भक्ष्याला समीकरण लावायचं नाही, त्याचं वजनच धरायचं.

कुत्रा १५ किलोचा धरला तर य येतो २.५०५, गुणिले २४, म्हणजे ६०.१ किलो. शेळी २० किलोची: २.६८ गुणिले १०, २६.८ किलो. मांजर ३ किलोचं: १६.७. गुरं सरासरी ६० किलोची, कारण बहुतेक वासरंच: ४.०८ गुणिले ४, १६.३. डुक्कर ३० किलोचं: १२.१. उंदीर १०० ग्रॅमचा, विष्ठेमागे एक: सगळे मिळून १ किलो. बेरीज १३३. आता कुत्रा ४५ टक्के, शेळी २०, मांजर साडेबारा, गुरं सव्वाबारा, डुक्कर ९ आणि उंदीर पाऊण टक्का.

या सरळ रेषेत एक खोट आहे. भक्ष्य मोठं होईल तसं विष्ठेमागचं मांस ती वाढवतच नेते. प्रत्यक्षात बिबट्याचं पोट केवढं ते ठरलेलं आहे. एका मर्यादेनंतर गाय असो की वासरू, एका विष्ठेमागे मांस तेवढंच. २०१६ साली भारतात सिंह, बिबट्या आणि मांजरवर्गातल्या लहान प्राण्यांना मोजून खायला घालून केलेल्या प्रयोगांतून वळण घेऊन सपाट होणारं समीकरण आलं. त्याप्रमाणे ५० किलोच्या बिबट्यासाठी विष्ठेमागे जास्तीत जास्त साधारण १.६५ किलो मांस येतं. वरचेच आकडे त्यात घातले की कुत्रा ४६ टक्के, गुरं सव्वाबारावरून दहाच्या खाली, मांजर आठवर, आणि उंदीर पाऊण टक्क्यावरून सहावर. कुत्र्याचा वाटा जवळपास हललाच नाही, बाकीचे हलले. दोन्ही समीकरणांनी हिशेब करायचा तो यासाठीच: जो निष्कर्ष दोन्हींत टिकतो तो ठामपणे लिहा, जो समीकरणाबरोबर डुलतो तो जपून.

शिवाय नमुन्यांची अनिश्चितता आहेच. ६० पैकी २४ म्हणजे ४० टक्के, पण ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा बहुधा ज्यांच्या दरम्यान असेल त्या दोन टोकांच्या किमती, साधारण २९ ते ५३. ६० पैकी ४ गुरं म्हणजे ६.७ टक्के, मर्यादा ३ ते १६. हे आकडे टक्केवारीशेजारी छापा. 'आर' या मोफत प्रणालीत नमुने हजार वेळा परत परत उचलून वजनाच्या वाट्याच्या मर्यादाही काढता येतात. ते करताना भक्ष्याच्या वजनातला फरकही घाला. वासरू ४० किलोचं धरायचं की ९० चं, हा निर्णय बाकी सगळ्या गणितापेक्षा जास्त उलथापालथ करतो.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा आता. विष्ठा सांगते ते 'काय खाल्लं'. 'काय मारलं' ते ती सांगत नाही. गोठ्यामागे टाकलेलं मेलेलं वासरू खाल्लं तरी केस तेच. एका वासरावर बिबट्या दोन-तीन रात्री जेवला तर त्याच एका जनावराचे केस चार-पाच विष्ठांत येतात. वरच्या उदाहरणात गुरांचं १६.३ किलो मांस भागिले ६० किलो, म्हणजे जेमतेम पाव जनावर! चार विष्ठांत गुरांचे केस दिसले म्हणून 'चार गुरं मारली' असं लिहिणं म्हणजे शुद्ध चूक. आणि गावात अशी बातमी गेली की पिंजऱ्याची मागणी सुरू होते.

मारलं काय हे शोधायला जीपीएस कॉलर, म्हणजे बिबट्याच्या गळ्यातला जागा कळवणारा पट्टा, लागते. दर दोन-तीन तासांनी जागेची नोंद येते, बिबट्या एकाच शंभरेक मीटरच्या जागी बराच वेळ रेंगाळला की दोन-तीन दिवसांनी तिथे जाऊन अवशेष शोधायचे. महाराष्ट्र आणि हिमाचल प्रदेशात मिळून ५ बिबट्यांना कॉलर लावून केलेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कामात ते रात्री घरांजवळ येतात आणि दिवसा लांब राहतात हे स्पष्ट दिसलं. पण कॉलरलाही आंधळी जागा आहे. मांजर, कोंबडी, उंदीर बिबट्या काही मिनिटांत संपवतो, रेंगाळत नाही, अवशेष उरत नाहीत. शिवाय गावाजवळ मारलेलं जनावर मालक सकाळी ओढून नेतो. म्हणजे कॉलर मोठ्या शिकारीकडे झुकते, विष्ठा लहानाकडे. विद्यार्थी प्रकल्पात कॉलर परवडणार नाही, आणि बिबट्याला बेशुद्ध करण्याचा धोका घ्यायचं कारणही नाही. त्याऐवजी तुमच्या आठ महिन्यांत गावातल्या पंचनाम्यांची यादी मागवून विष्ठेच्या निकालाशेजारी ठेवा. दोन्हींतली तफावत हाच तुमच्या अहवालातला सर्वांत वाचनीय तक्ता होईल.

शेवटी 'बिबट्याला कुत्रं आवडतं' असं लिहिण्याचा मोह होईल. आवड ठरवायला उपलब्धता मोजावी लागते. पशुगणनेत शेळ्यांचा आकडा मिळतो, पण रात्री त्या कुडाच्या किंवा पत्र्याच्या गोठ्यात बंद असतात. कुत्री मोकळी, उकिरड्यावर. बिबट्याच्या दृष्टीने त्या गावात रात्री अकरा वाजता शेळ्या किती आहेत, हा प्रश्न. तेव्हा पन्नासेक घरं निवडून शेळ्या रात्री कुठे बांधतात, गोठ्याला दार आहे का, छत आहे का, हे टिपा. कुत्र्यांची मोजणी पहाटे ठरलेल्या गल्ल्यांतून सलग तीन दिवस करा, अंगावरच्या खुणांवरून तीच कुत्री पुन्हा दिसली का ते नोंदा. उपलब्धता अशी मोजता आली तर निवडीचा निर्देशांक, म्हणजे खाल्लेल्याची उपलब्ध असलेल्याशी तुलना करणारा आकडा, काढा. नाही मोजता आली, तर अहवालात इतकंच लिहा: 'अभ्यासलेल्या ६० विष्ठांपैकी २४ मध्ये कुत्र्याचे केस होते.' विष्ठा सापडलेल्या नेमक्या जागांचा नकाशा मात्र अहवालाच्या जाहीर प्रतीत छापू नका. तो वनखात्याला बंद पाकिटात द्या, आणि काचपट्ट्यांचा संदर्भसंच विभागात नीट नावं घालून ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांचे दोन महिने वाचतील.